डुंगेन कोण, आणि स्वीडनला साठच्या दशकाचं वेड कसं लागलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेम इम्पाला, पिंक फ्लॉइड किंवा जिमी हेंड्रिक्स ऐकणाऱ्या कुणालाही 'नवा बँड ऐक' म्हणून डुंगेनचं नाव सुचवलं की पुढचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. क्रमानं वाचायची गरज नाही. घाई असेल तर "सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न वाचा आणि थेट ऐकायला बसा.

डुंगेन म्हणजे नेमके कोण?

स्टॉकहोमचा सायकेडेलिक रॉक बँड, म्हणजे साठच्या दशकाच्या वळणाचा, घुमणाऱ्या, धुक्यासारख्या आवाजाचा रॉक. गुस्ताव एय्स्तेस यानं तो १९९९ मध्ये सुरू केला. गाणी लिहिणं आणि गाणं हे त्याचं काम, शिवाय पियानो, ऑर्गन, बासरी, व्हायोलिन अशी वाद्यं तोच वाजवतो. सुरुवातीच्या अल्बमांवर तर बरीचशी वाद्यं त्याच्या एकट्याचीच आहेत. गिटारवर रेइने फिस्के, बेसवर मातियास गुस्ताव्सन आणि ड्रमवर योहान होल्मेगार्ड हा पुढे घट्ट झालेला संच.

पहिला अल्बम २००१ मध्ये आला, पण गवगवा झाला तो २००४ च्या 'ता दे लुंग्त'चा. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत निघाला आणि स्वीडिशचा एक शब्द न कळणाऱ्या समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. टेम इम्पालाच्या केव्हिन पार्करनंही डुंगेनचा आपल्यावरचा प्रभाव उघडपणे मान्य केला आहे. पार्करची सुरुवातीची गाणी तोंडपाठ असतील तर डुंगेन पहिल्यांदा ऐकताना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं. फक्त हे वयानं मोठं असतं.

शोधताना रोमन लिपीत डी, यू, एन, जी, ई, एन असं लिहा. उच्चारात 'ग' जवळजवळ गिळून टाकायचा.

१९९९ चा बँड, मग नवा कसला?

तुम्हाला आज सापडला ना, मग नवाच. आणि तो बंदही पडलेला नाही. २०२२ मध्ये त्यांचा नवा अल्बम आला आणि तो मरगळलेल्या म्हाताऱ्यांचा मुळीच वाटत नाही. अगदी ताज्या दमाचे बँड हवे असतील तर पुढे नावं दिली आहेत.

गाणी स्वीडिशमध्ये आहेत. एक अक्षर कळत नाही, मग ऐकायचं कसं?

जसं ऐकू येईल तसं. कळत नसलेल्या भाषेतलं गाणं आपल्याला काही नवीन नाही. कन्नड भजनं आणि ब्रज भाषेतल्या बंदिशी ऐकताना आपण शब्दकोश घेऊन बसत नाही. डुंगेनच्या गाण्यात आवाज हा बहुतेक वेळा बासरीच्या किंवा ऑर्गनच्या पंक्तीत बसलेला असतो, सगळ्यांच्या पुढे येऊन उभा राहत नाही.

तरीही भाषा स्वीडिश आहे याला महत्त्व आहे. बाहेरच्या जगात नाव काढायचं तर इंग्रजीत गावं हा स्वीडनचा ॲबा या पॉप बँडपासूनचा शिरस्ता. एय्स्तेसनं तो पाळला नाही. स्वीडिशचे लांबट स्वर आणि चढउतार यांमुळे त्याच्या चाली एका विशिष्ट तऱ्हेनं वळतात. त्याच चालींवर इंग्रजी शब्द बसवले असते तर त्या लंडनच्या कुठल्याही जुन्या बँडच्या वाटल्या असत्या, असं माझं मत आहे.

सुरुवात कुठून करू?

'ता दे लुंग्त' पहिल्यापासून लावा. पहिलंच गाणं 'पांडा'. ड्रमची मुसंडी, लगेच गिटार, आणि श्वास घ्यायच्या आत तुम्ही आत ओढले जाता. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. या अल्बममध्ये डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळ्या गोष्टी चालू असतात, आणि फोनवर त्यांचा काला होतो. साधे हेडफोन पुरतात.

पहिल्या फेरीत गिटार लक्ष वेधून घेईल. ते होणारच, फिस्केची फझ गिटार तशीच आहे, कडेनं फाटलेली तरी सुरात. दुसऱ्या फेरीत मुद्दाम ड्रमकडे कान द्या. एय्स्तेसला आधी वेड होतं हिप-हॉपचं. हिप-हॉपवाले जुन्या रेकॉर्डमधले तुकडे उचलून त्यावर नवं रचतात. असे तुकडे हुडकत हा मुलगा मूळ रेकॉर्डपर्यंत पोचला आणि तिथेच रमला. त्यामुळे त्याचे ड्रम कोरडे, पुढे आणि टणक वाजतात. साठच्या दशकातल्या कितीतरी रेकॉर्डमध्ये ते मागे कुठेतरी खोलीच्या कोपऱ्यात असतात. डुंगेन जुने वाटतात पण शिळे वाटत नाहीत, याचं निम्मं श्रेय मी या ड्रमला देतो.

त्यानंतर २००८ चा 'चार'. हा निवांत आहे, पियानो जास्त, जॅझकडे झुकलेला. त्यातलं पहिलं गाणं 'सेत आत से' ज्यांना गोंगाट सोसत नाही त्यांना आधी ऐकवा. २००७ चा 'तियो बितार' मध्येच कुठेतरी येऊ द्या. २०१० चा 'शीत ई आल्त' आणि २०१५ चा 'आलास साक' हे दोन्ही चांगले, पण पहिल्या भेटीसाठी नव्हेत.

'हेक्सान' मात्र वेगळ्यानं सांगायला हवा. लोटे रायनिगर या जर्मन कलावतीनं कागदी सावल्यांच्या आकृत्या कापून १९२६ मध्ये राजपुत्र अहमदची अरबी कथा पडद्यावर आणली. आज शिल्लक असलेला हा सर्वांत जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. डुंगेननं त्या मूकपटासाठी संगीत रचलं आणि २०१६ मध्ये त्यातून हा अल्बम काढला. त्यात शब्दच नाहीत, म्हणजे भाषेची तक्रारही नाही. घरी ज्यांना 'तुझं ते इंग्रजी ओरडणं' चालत नाही त्यांच्यासमोर हा लावता येतो.

पण ही साठच्या दशकाची नक्कलच नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि रास्त आहे. जगभर शेकडो बँड बेल-बॉटम घालून, रेकॉर्डच्या वेष्टणावर वितळलेली अक्षरं छापून बीटल्सच्या १९६६-६७ च्या आवाजाची उजळणी करत असतात. त्यातले बहुतेक एकदा ऐकून सोडून द्यावे असे.

डुंगेनच्या मागे मात्र लंडन आणि कॅलिफोर्नियाखेरीज तिसरं एक घर आहे, ते म्हणजे खुद्द स्वीडन. सप्टेंबर १९६७ मध्ये पिंक फ्लॉइड स्टॉकहोमच्या 'ग्युलेने सिर्केल्न' क्लबात वाजवून गेले. त्याच सुमारास हेंड्रिक्स स्टॉकहोमच्या 'फिलिप्स' या क्लबात हान्सन आणि कार्लसन या जोडीबरोबर रंगला होता. बू हान्सन ऑर्गनवर, यान कार्लसन ड्रमवर, बस्स, दोघंच. त्यांची एक रचना हेंड्रिक्सला इतकी आवडली की तो ती पुढे स्वतःच्या कार्यक्रमांत वाजवू लागला. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा स्वीडनला आला तेव्हा त्याच्या आधी वाजवायला होते बेबी ग्रँडमदर्स, फिलिप्स क्लबातलेच तिघं. त्याच दौऱ्यात गोथेनबर्गच्या हॉटेलातली खोली फोडल्याबद्दल हेंड्रिक्सला अटक झाली. स्वीडिश रॉकच्या गप्पांत ही गोष्ट अजून चवीनं सांगतात.

म्हणजे हा आवाज स्वीडनला फक्त आयात होऊन आला नव्हता, तिथे त्याच वेळी तो घडतही होता. बेबी ग्रँडमदर्सचा गिटारवादक केनी होकानसन पुढे केबनेकाइसे नावाच्या बँडमध्ये गेला आणि स्वीडिश लोकधुना विजेच्या गिटारवर वाजवू लागला. बू हान्सननं १९७० मध्ये टॉल्किनच्या अंगठीच्या कथेवर ऑर्गनप्रधान वाद्यसंगीताचा अल्बम काढला, तो दोन वर्षांनी ब्रिटनमध्येही निघाला. डुंगेनची बासरी, व्हायोलिन आणि थोडी उदासवाणी, लोकगीताच्या वळणाची चाल यांचं मूळ या लोकांत सापडतं. बीटल्सही आहेतच, नाही कोण म्हणतो?

त्या काळचा एकच स्वीडिश बँड ऐकायचा तर कोणता?

पेर्सन साउंड. डुंगेनपेक्षा हे पचायला कितीतरी जड आहे, आधीच सांगतो.

बू अँडर्स पेर्सन हा स्टॉकहोमच्या शाही संगीत महाविद्यालयाचा विद्यार्थी. १९६७ मध्ये अमेरिकन संगीतकार टेरी रायली स्टॉकहोमला आला आणि त्याची 'इन सी' ही रचना तिथे वाजवली गेली. छोटे छोटे तुकडे, प्रत्येक वादकानं आपल्या मर्जीनं पुन्हा पुन्हा वाजवायचे, असा तिचा प्रकार. पेर्सन त्यात सहभागी होता आणि त्यातूनच त्यानं आपला बँड काढला. गिटार, चेलो, व्हायोलिन, सॅक्सोफोन, टेपचे वेटोळे आणि वीस-वीस मिनिटं एकाच सुराला धरून बसणं. रॉक क्लबातल्या लोकांनी काय तोंडं केली असतील, कल्पना करा.

बँडच्या हयातीत या नावानं एकही अल्बम निघाला नाही. जुन्या टेप २००१ मध्ये स्टॉकहोमच्या 'सब्लिमिनल साउंड्स' या कंपनीनं दोन सीडींत आणल्या. डुंगेनचा पहिला अल्बम काढणारी कंपनीही हीच आणि सालही तेच. पेर्सन साउंडची माणसं तीच राहिली, नाव मात्र बदलत गेलं. आधी इंटरनॅशनल हार्वेस्टर, मग नुसतं हार्वेस्टर, आणि १९७० पासून त्रेद ग्रेस ओक स्तेनार. कित्येक वर्षांनी जुने सदस्य एकेक करून गेले तेव्हा उरलेल्यांच्या जोडीला डुंगेनचा रेइने फिस्के येऊन उभा राहिला आणि २०१८ मध्ये 'त्रेदेन' या नावानं अल्बम निघाला. नक्कल की वारसा, या वादात मी तरी हाच अल्बम पुढे करतो.

यात भारतीय संगीताचा काही संबंध आहे का? तंबोरा ऐकू आल्यासारखा वाटतो.

आहे, पण जपून बोलायला हवं.

साठच्या दशकात सतारीची लाट आली. बीटल्सनी १९६५ मध्ये सतार वापरली, रविशंकर १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माँटेरे महोत्सवात वाजवून आले, आणि मग ज्याला त्याला सतार हवी झाली. त्यातली बरीचशी सतार नुसती फोडणीपुरती होती.

स्वीडनमध्ये काही जण खोल गेले. बेंग्त बेर्गर हा ड्रमवादक भारतात येऊन तालवाद्यं शिकून गेला. डॉन चेरी हा अमेरिकन जॅझ कर्णेवादक दक्षिण स्वीडनमधल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत कुटुंबासह राहायला आला आणि तिथे भारतीय, आफ्रिकी, तुर्की असं सगळं एकत्र वाजू लागलं. स्टॉकहोमच्या कॅथरीन क्रिस्टर हेनिक्स या गणितज्ञ आणि संगीतकार, त्या पंडित प्राणनाथ यांच्या शिष्या झाल्या. प्राणनाथ हे किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शागीर्द. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व, भीमसेन जोशी हे ज्या घराण्याचे, तेच हे घराणं. स्वराला गोंजारत, त्याच्यावर मुक्काम करत जाण्याची किराण्याची रीत या पाश्चात्त्य मंडळींना का भावली असेल ते सवाईच्या मांडवात रात्र काढलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

टेरी रायलीही प्राणनाथांचाच शिष्य, पण तो १९७० मध्ये झाला. म्हणजे १९६७ च्या स्टॉकहोममध्ये किराणा पोचला नव्हता. पेर्सन साउंडचा तो एकसुरी गुंजारव थेट आपल्याकडून गेला असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो टेप यंत्रांतून, रायलीच्या पुनरावृत्तीतून आणि खुद्द स्वीडिश लोकसंगीतातून आलेला आहे. स्वीडनच्या उप्लांड भागात निक्केलहार्पा नावाचं वाद्य वाजवतात. गजानं वाजवायचं, पण बोटं तारेवर न ठेवता लाकडी पट्ट्या दाबायच्या. त्याला वाजवायच्या तारांखाली आणखी तारा असतात, कुणीही न छेडता झंकारणाऱ्या, आपल्या सारंगीच्या किंवा सतारीच्या तरफांसारख्या. त्यामुळे मागे सतत काहीतरी गुणगुणत असतं याची सवय त्या कानांना आधीपासूनच होती.

गोव्यात पार्ट्यांमध्ये वाजतं ते सायकेडेलिक हेच का?

नाही. ते गोवा ट्रान्स आणि त्याचं पुढचं रूप, म्हणजे यंत्रावर तयार केलेलं नाचाचं संगीत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला हणजूणच्या किनाऱ्यावर ते आकाराला आलं. त्याआधी, सत्तरच्या दशकात, त्याच किनाऱ्यावर हिप्पी गिटार आणि ॲम्प्लिफायर घेऊन रॉकच वाजवत होते, तेवढ्यापुरतं नातं आहे. डुंगेनच्या गाण्यावर रात्रभर नाचायचा बेत असेल तर सोडून द्या, ताल मध्येच तीनाचा होतो.

'प्रॉग' आणि स्वीडनचं 'प्रोग्ग' एकच का?

वेगवेगळे. पहिला ब्रिटनमधला गुंतागुंतीचा, लांबलचक रॉक. दुसरी सत्तरच्या दशकातली स्वीडिश डावी सांगीतिक चळवळ, तिच्यात रॉक, लोकगीत, पथनाट्य सगळं आलं. संगीत विकायचा माल नव्हे, हे तिचं घोषवाक्यच म्हणा. जून १९७० मध्ये स्टॉकहोमच्या येर्देत मैदानावर तिकिटाविना झालेला महोत्सव तिची सुरुवात मानतात. १९७४ मध्ये ॲबानं ब्रायटनला युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षीची स्पर्धा त्यामुळे स्टॉकहोमला आली, तर या मंडळींनी तिच्याविरुद्ध पर्यायी महोत्सव भरवला. डुंगेनला या राजकारणाचं फारसं ओझं नाही. आवाज घेतला, घोषणा सोडल्या.

हे समजायला नशा करावी लागते का?

नाही. डुंगेनच्या २०२२ च्या अल्बमचं नाव मराठीत 'एक म्हणजे फार आणि हजारही पुरत नाहीत' असं होईल. दारू सोडणाऱ्यांच्या बैठकांत म्हटलं जाणारं हे वाक्य आहे. एय्स्तेसनं व्यसन सोडलं आणि त्याबद्दल तो मोकळेपणानं बोलतो. नादमय धुकं तयार करायला मेलोट्रॉन, लेस्ली स्पीकर आणि टेप-एको पुरेसे असतात.

मेलोट्रॉन, लेस्ली, फझ, हे काय आहे?

मेलोट्रॉन दिसायला पेटीसारखा, पण प्रत्येक पट्टीखाली टेपची एक पट्टी. तीवर आधीच ध्वनिमुद्रित केलेली बासरी किंवा व्हायोलिन असतं. पट्टी दाबली की टेप फिरते, साधारण आठ सेकंदांनी संपते. टेप थोडी डुलत फिरते म्हणून सूर किंचित हलतो, आणि त्या हलण्यावरच सगळे फिदा. लेस्ली म्हणजे आत कर्णा गोल फिरणारा स्पीकर, तो ऑर्गनला जोडतात. फझ हा गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामधला छोटा डबा. तो ध्वनिलहरीचे वरचे-खालचे भाग छाटून टाकतो, त्यामुळे सूर खरखरीत होतो आणि लांब टिकतो. पंचमच्या सत्तरच्या दशकातल्या गाण्यांत तुम्ही तो ऐकलेला आहे.

एवढ्याशा देशात इतके बँड कसे?

स्वीडनची लोकसंख्या सव्वा कोटीही नाही. काळोखा हिवाळा, पोरांना दुसरा उद्योग नाही, म्हणून बँड काढतात, हे लाडकं स्पष्टीकरण मला आळशी वाटतं. काळोख फिनलंडच्या उत्तरेलाही आहे आणि सायबेरियातही.

खरं कारण रुक्ष आहे, सरकारी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथल्या नगरपालिकांनी मुलांसाठी संगीतशाळा उघडल्या. फी माफक किंवा नाहीच, वाद्य भाड्यानं मिळतं. दुसरं म्हणजे लोकशिक्षणाच्या संस्था. कामगार चळवळीतून १९१२ मध्ये निघालेली 'आबेएफ' ही त्यातली जुनी. तीन-चार पोरांनी अभ्यासमंडळ म्हणून नोंद केली की सरावाची खोली मिळते, कधी ड्रमसेट आणि ॲम्प्लिफायरसकट. रॉक बँड म्हणजे अभ्यासमंडळ! आपल्याकडे सोसायटीच्या फ्लॅटमध्ये ड्रमसेट आणून बघा, सेक्रेटरी दुपारीच दारात. गेल्या काही वर्षांत स्वीडिश सरकारनं या अनुदानाला कात्री लावली आहे आणि तिथले संगीतकार त्यावर चिडलेले आहेत. ती चीड मला पटते.

डुंगेन आवडला. पुढे कोण?

गोट आधी. गोथेनबर्गची ही मंडळी मुखवटे घालून वाजवतात आणि नावं सांगत नाहीत. उत्तर टोकाच्या कोरपिलोम्बोलो या गावातल्या प्राचीन जादूटोण्याच्या परंपरेतून आपण आलो, अशी कथा त्यांनी पसरवली. ती कुणीही फार मनावर घेत नाही, पण २०१२ च्या पहिल्या अल्बमवरचा पश्चिम आफ्रिकी ठेका आणि फझ गिटार यांचा मेळ पायांना स्वस्थ बसू देत नाही. डुंगेनपेक्षा कितीतरी जास्त नाचरं.

दी अमेझिंग हा फिस्केचा दुसरा बँड, धुक्यातून चालल्यासारखा. हिल्स गोथेनबर्गचे, पेर्सन साउंडच्या वळणाचे, लांबण लावणारे. कुंगेन्स मेन स्टॉकहोमचे, बहुतेक सगळं उत्स्फूर्त. इतके अल्बम काढतात की कुठून धरावं कळत नाही, कुठलाही धरा. आगुसा माल्मोचे, ऑर्गन आणि बासरी, बू हान्सन आवडला असेल तर थेट इकडे. सिएना रूट जड ब्लूज अंगाचे, मधूनमधून सतार काढतात. ब्लूज पिल्स ओरेब्रोचे, त्यांची गायिका एलिन लार्सन ऐकण्यासारखी आहे. ग्रेव्हयार्ड मला स्वतःला थोडे रूक्ष वाटतात, पण हार्ड रॉकवाल्यांना हेच सर्वांत आधी आवडतील.

अगदी नवे, कुणी न ऐकलेले बँड कसे शोधायचे?

ॲप सुचवेल त्यावर फार विसंबू नका. एकदा डुंगेन लावला की ते महिनाभर तेच सहा बँड फिरवून देतं. त्याऐवजी कंपनीच्या नावानं शोधा. सब्लिमिनल साउंड्स, कोप्पोमची जुनी सायलेन्स, गोथेनबर्गची होगा नूर्द आणि गोट, हिल्स यांना आणणारी ब्रिटनची रॉकेट रेकॉर्डिंग्ज, या चौघांची यादी चाळली तरी वर्षभराचं ऐकणं होतं.

दुसरा मार्ग वादकांच्या नावांचा. एकट्या फिस्केचं नाव धरून निघालात तर नव्वदच्या दशकातला लांडबर्क, मग पाटोस, डुंगेन, दी अमेझिंग, नॉर्वेचे मोटरसायको आणि एलिफंट नाइन इथपर्यंत जाऊन पोचता. आपल्याकडे रेकॉर्डवर तबल्याला कोण आहे बघून घेतात तसंच.

नवा बँड सापडला की माझी एक साधी कसोटी आहे. एको, फझ, उलटी फिरवलेली टेप हे सगळं मनातल्या मनात काढून टाकायचं आणि चाल गुणगुणून बघायची. काही उरलं तर अल्बम घ्यायचा.

आपल्याकडे त्या काळी असं काही झालं होतं का?

झालं होतं. 'सिमला' सिगारेटच्या नावानं मुंबईत 'सिमला बीट' स्पर्धा व्हायची. देशभरचे कॉलेजातले बँड यायचे, आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धांच्या एलपी निघाल्या. फझ गिटार, ऑर्गन, सगळं त्यात आहे, आणि आज युरोपातले संग्राहक त्या शोधत असतात. मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्टचा एकमेव अल्बमही तसाच दुर्मीळ झाला. पण हे बँड इंग्रजीतच गात राहिले. स्वीडिश बँड त्याच सुमारास आपल्या भाषेकडे आणि लोकधुनांकडे वळले, म्हणून तिकडे पुढच्या पिढीच्या हाती काहीतरी लागलं. मराठीत फझ गिटार आणि गोंधळ त्या वेळी एकत्र आले असते तर? असो.

कंपनीच्या कामानं स्वीडनला जाणार आहे. तिथे काय ऐकू, कुठे जाऊ?

पुण्या-चिंचवडच्या स्वीडिश कंपन्यांतून जाणाऱ्यांचा हा हमखास प्रश्न. स्टॉकहोममध्ये राहणार असाल तर सोदेरमाल्म बेटावरचं 'पेट साउंड्स' हे रेकॉर्डचं दुकान गाठा. काउंटरवरच्या माणसाला डुंगेनचं नाव सांगा आणि पुढे काय ऐकू विचारा. स्वीडिश माणूस स्वतःहून बोलत नाही, पण रेकॉर्डबद्दल विचारलं की थांबत नाही. कार्यक्रमांसाठी देबासेर आणि सोद्रा तेआतेर्न यांची वेळापत्रकं बघा, आणि जॅझकडे झुकलेलं काही हवं असेल तर फाशिंग. गोथेनबर्गला पुस्तेर्विक आणि नेफर्तिती ही ठिकाणं आहेत, आणि जुन्या सिनेमागृहातलं 'बेंगान्स' हे दुकान. ऑगस्टमध्ये स्लोत्सस्कूगेन उद्यानात 'वे आउट वेस्ट' महोत्सव असतो, तो महाग आहे.

बऱ्याच क्लबांत वयाची अट असते, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा. रोख पैसे बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, कार्ड लागतं. कोट ठेवायचे वेगळे पैसे पडतात. आणि दारावर कानात घालायचे बोळे मिळाले तर घ्या, लाजू नका, तिकडे सगळेच घालतात.

रेकॉर्ड भारतात मागवता येतात का?

येतात, पण हिशोब करून. सत्तरच्या दशकातल्या मूळ स्वीडिश छापांच्या नादी लागू नका, त्या संग्राहकांच्या किमती आहेत. पुनर्मुद्रणं उत्तम निघतात आणि सोबतच्या पुस्तिकेत जुने फोटो, माहिती असते. एक रेकॉर्ड मागवली तर टपालखर्च आणि आपल्या इथला सीमाशुल्क-जीएसटी मिळून मूळ किमतीच्या जवळपास जाऊ शकतो, म्हणून तिघा-चौघांनी मिळून एकत्र मागवा. फक्त ऐकायचंच असेल तर बँडकॅम्पवर डिजिटल अल्बम घ्या. युरोपातल्या दुकानांच्या छापील किमतीत तिकडचा कर धरलेला असतो. बाहेरच्या देशात पाठवताना तो वजा करायचा असतो, पण काही दुकानं ते आपोआप करत नाहीत. पैसे भरायच्या आधी तेवढं बघून घ्या, नाहीतर एक मेल टाका.